माझं ठिगळ काढू नका

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे आणि माझी कीव करायची काही गरज नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण जुन्या वस्तू बोलू लागल्या की ऐकणारे लगेच डोळ्यांना रुमाल लावतात. माझं एक चाक कधीच निघून गेलंय, कोपऱ्यांवरचं काळं कातडं सोललंय आणि ज्यातून आवाज निघतो तो आतला कागदी पडदा फाटका आहे. तरीही परवाच्या रविवारी मी दोनशे माणसांच्या कानठळ्या बसवल्या. तेव्हा रुमाल खिशातच राहू द्या.

इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तिची वायर माझ्यात खुपसली की मग ती गिटार होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तुम्हाला माझं काम कळावं म्हणून सांगतो. (थोडी बढाई आहेच.)

माझा जन्म १९६८ साली इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात झाला. चष्मा नाकावर ओढलेल्या एका बाईनं माझ्या पोटातल्या तारांना डाख दिला, टिचकी मारून पाहिली आणि पुढच्याकडे वळली. मोठ्या घरच्या ॲम्प्लिफायरांसारखी चकचकीत पाटी माझ्या कपाळी नव्हती. शेजारच्या ओहायो राज्यात टोलेडो नावाचं शहर आहे. तिथल्या एका पोलिश चर्चनं मला विकत घेतलं, आणि तेही बिंगोसाठी! दर गुरुवारी हालीना सोबचाक नावाची बाई माझ्यात माइक खुपसायची आणि आकडे पुकारायची. बावीस वर्षं मी "बी सात" आणि "ओ बहात्तर" एवढंच बोललो. मला त्याचा राग नाही. आकडा लागला की चर्चमधल्या म्हाताऱ्या अशा किंचाळायच्या की खिडक्या थरथरायच्या. माणसांना ओरडायला मनापासून आवडतं, फक्त कुणीतरी निमित्त द्यावं लागतं, हे मला तिथंच कळलं.

मग चर्चनं नवं यंत्र घेतलं. मला कचऱ्याच्या गाडीत टाकायचं ठरलं होतं. हालीनानं मला ढकलत ढकलत थेट आपल्या भाचीच्या दारात नेऊन उभं केलं. भाचीचं नाव रेनाटा. ती हालीनाला 'चोचा' म्हणायची, पोलिश घरांत आत्याला तसंच म्हणतात.

"चोचा, हे काय धूड आणलंस?" रेनाटा म्हणाली.

"तू त्या गिटारवर भिंतीकडे तोंड करून कुरकुरत असतेस ना? आता जरा मोठ्यानं कुरकुर. लोकांना कळू दे काय दुखतंय ते."

तेव्हापासून माझं नाव धूड पडलं.

रेनाटा बेकरीत कामाला होती आणि बेकरीच्या वरच्या खोलीत राहायची. गाणी ती स्वतः लिहायची. तिचं गाणं ऐकणाऱ्याला वाटायचं की ही कुणाशी तरी भांडते आहे आणि भांडणात हिचंच बरोबर आहे. ड्रम वाजवायला थॅड बिक्सलर आला. तो हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यांवर मीठ टाकणारा सरकारी ट्रक चालवायचा. बेस गिटार घेऊन कोरिन ओक्स आली. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, दिवसभर पोरांना गप्प बसवून तिला स्वतःलाच गप्प बसायची सवय लागली होती. पण बोलली की लागायचं. बँडला 'सॉल्ट ट्रक' हे नाव तिनंच दिलं. थॅडच्या आईच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी आमची तालीम चालायची. मशीन जोरात फिरू लागलं की थॅडही जोरात वाजवायचा. मशीन थांबायचं, थॅड थांबायचा नाही. हा त्याचा स्वभावच होता. गाणं ज्या वेगानं सुरू व्हायचं, त्याच्या दीडपट वेगानं संपायचं.

१९९१ च्या ऑक्टोबरात आमचा पहिला कार्यक्रम झाला. बोलिंग ग्रीन गावात कॉलेजच्या पोरांच्या घरी, त्यांच्या तळघरात. मला जिन्याच्या पायथ्याशी ठेवलं होतं. थॅड मोठा ड्रम छातीशी धरून उलट्या पावलांनी जिना उतरत होता. शेवटची पायरी त्यानं मोजलीच नाही. त्याचा बूट माझ्या छातीवरच्या कापडातून आरपार आत गेला.

मित्रांनो, मी ओरडलो असतो, पण वायर लावलेली नव्हती.

थॅडचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकलो," तो म्हणाला. "मेलो. चुकलो." वर माणसं जमली होती. कोरिन वर स्वयंपाकघरात गेली आणि कॉफी गाळायचा कागद घेऊन आली. ऐकायला आलेल्या एका मुलीकडून तिनं जांभळं नेलपॉलिश मागून घेतलं. फाटलेल्या पडद्यावर कागद ठेवला, वरून नेलपॉलिशचे चार हात दिले आणि फुंकर घालत बसली. वाळल्यावर रेनाटानं पहिला सूर छेडला.

माझ्यातून जो आवाज निघाला तो मी स्वतः कधी ऐकला नव्हता. पतंगाच्या कागदात वारा भरावा तशी एक फरफर प्रत्येक सुराला लागली होती. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. रेनाटाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी पुन्हा फार थोड्या वेळा पाहिलं. त्या दिवशी मी फाटलो, आणि त्याच दिवशी आमच्या बँडला आवाज मिळाला.

कार्यक्रम संपल्यावर कोरिन थॅडला म्हणाली, "आज सगळ्यात मोठी चूक तुझी. धूड तू वर न्यायचंस." मी किती जड आहे ते उचलणाऱ्याच्या कमरेला विचारा. तेव्हापासून आमच्यात तो कायदाच झाला. ज्याची चूक मोठी, त्यानं मला उचलायचं. मग दर कार्यक्रमानंतर खटला चालायचा.

"दुसऱ्या कडव्याला तू शब्द विसरलीस."

"विसरले नाही. नवे घातले."

"'ला ला ला' हे नवे शब्द?"

"लोक नाचले ना?"

"नाचले. उचल धूड."

ओमाहा, कोलंबस, मिलवॉकी, जिथं तळघर असेल तिथं आम्ही गेलो. थॅडच्या काकाची जुनी व्हॅन होती, तिचं मागचं दार दोरीनं बांधावं लागायचं. तिघं अनोळखी लोकांच्या जमिनीवर झोपायचे आणि सकाळी त्यांच्याच घरची भांडी घासून निघायचे. क्लीव्हलंडच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं, 'या बँडमध्ये तीन माणसं आहेत, वादक एकही नाही.' कोरिननं ते कात्रण माझ्या पाठीवर चिकटवलं. अजून आहे, येऊन वाचा. पिट्सबर्गच्या एका सभागृहात आवाज सांभाळणारा माणूस काळजीनं रेनाटाजवळ आला.

"बाई, तुमचा स्पीकर फाटलाय."

"माहीत आहे."

"माझ्याकडे दुसरा आहे. चांगला."

"आमच्याकडे हा आहे. चांगला."

पाच वर्षं अशी गेली. मग ग्रेग लॅसिटर आला.

तो लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस होता. हळू बोलायचा, सगळं ऐकून घ्यायचा. तीन वेगवेगळ्या गावांत येऊन त्यानं आम्हाला ऐकलं. मार्चमध्ये कॅलिफोर्नियात या, म्हणाला, सहा आठवडे स्टुडिओ तुमचा, रेकॉर्ड साऱ्या देशात जाईल. थॅडनं ट्रकच्या कामावरून रजा मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं नवे बूट घेतले. हालीनानं चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी लॅसिटरचा फोन आला. रेनाटाच्या खोलीत फोन माझ्याच डोक्यावर ठेवलेला असायचा, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू आलं. तालमीला निघायचं होतं. खाली रस्त्यावर थॅड तिच्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता.

"रेनाटा, गाणी तुझी आहेत," लॅसिटर म्हणाला. "तुझ्यासारखं कुणी गात नाही. पण तो ड्रमवाला पळतो. प्रत्येक गाण्यात पळतो. रेकॉर्डसाठी इथला एक चांगला माणूस घेऊ. दौऱ्यावर हवं तर त्याला ने."

"थॅडला सांगितलंत हे?"

"ते तू सांग. पण आत्ता नको, इथं पोचल्यावर. आणि तो फाटका डबा घरीच ठेव."

रेनाटानं खिडकीतून खाली पाहिलं. थॅडनं काच साफ करून वर हात हलवला. तिनंही हलवला.

"बरं," ती फोनमध्ये म्हणाली.

मला डबा म्हटल्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. पण खरा राग आला तो त्या 'बरं'चा. थॅडचं पाऊल माझ्यातून आरपार गेलं होतं, तेव्हा निदान तो तोंडानं चुकलो म्हणाला होता. इथं एका माणसाला त्याच्याच बँडमधून काढून टाकलं जात होतं आणि तो खाली उभा राहून हात हलवत होता. त्याला काही कळायच्या आत त्याचं सगळं जाणार होतं. आणि मला वायर लावल्याशिवाय बोलता येत नाही!

रेनाटाची बाजूही सांगतो. तिचे हात बेकरीतल्या तेलानं भाजलेले असायचे. तिशी ओलांडली होती. असा फोन पुन्हा येणार नाही हे तिला ठाऊक होतं. पुढच्या चार दिवसांत ती नीट जेवलीही नाही.

निघण्यापूर्वीचा शेवटचा कार्यक्रम रविवारी होता, पोलिश क्लबच्या तळघरात, दुपारी तीन वाजता, म्हणजे शाळेतल्या पोरांनाही येता यावं. सगळी वस्ती लोटली होती. हालीना कानांत कापूस घालून पहिल्या रांगेत बसली होती. चौथ्या गाण्यात थॅडच्या हातातली काठी निसटली आणि सरळ जाऊन क्लबच्या फुलांच्या कुंडीवर आदळली. कुंडी फुटली. लोक हसले, टाळ्या वाजल्या, थॅड दुसरी काठी काढून पुन्हा पळायला लागला. रेनाटाची मात्र त्या दिवशी एकही चूक झाली नाही. तिनं एक शब्दही बदलला नाही.

कार्यक्रम संपला. थॅड बाह्या सरसावत माझ्याजवळ आला.

"सर बाजूला. आज खटला नको, साक्षीदार दीडशे आहेत."

"राहू दे," रेनाटा म्हणाली.

"अगं, कुंडी फोडली मी क्लबची! याहून मोठी चूक कुठली?"

"राहू दे म्हणते ना, थॅड."

तिनं वाकून मला उचललं. त्या तळघराला एकोणीस पायऱ्या आहेत. सातव्या पायरीवर तिचा गुडघा टेकला. थॅड पुढे झाला तेव्हा कोरिननं त्याचा दंड धरला. तिला काय कळलं होतं कोण जाणे. "थांब," ती म्हणाली. "तिला नेऊ दे." बाराव्या पायरीवर मी रेनाटाच्या हनुवटीला लागलो. वर मोकळ्या जागेत, वितळत्या बर्फाच्या चिखलात तिनं मला ठेवलं. मग वळून तिनं थॅडला सगळं सांगितलं. लॅसिटर काय म्हणाला आणि आपण काय म्हणालो. काहीही गाळलं नाही.

"कधी हो म्हणालीस?" थॅडनं विचारलं.

"गुरुवारी."

"गुरुवारी मी तुझी काच खरवडत होतो."

"हो."

त्यानं आपल्या नव्या बुटांकडे पाहिलं. मग कोरिनकडे वळला. "मी खरंच पळतो?"

"पळतोस," कोरिन म्हणाली. "पाच वर्षं आम्ही दोघी तुझ्यामागं पळतोय. मला वाटलं तेच आपलं काम आहे."

ड्रम खालीच सोडून थॅड निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेनाटानं लॅसिटरला फोन लावला. "तिघं येऊ," ती म्हणाली. "आणि डबाही येईल. नाहीतर कुणीच नाही." तो आधी हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "मग राहू दे," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याला एक चांगली रेकॉर्ड करायची होती. फक्त ती आमची नसती.

तुम्हाला वाटेल, हे ऐकून थॅड धावत आला असेल. तो आला नाही. कोरिननं त्याला त्या फोनबद्दल सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं. ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस लागण्याच्या आदल्या मंगळवारी टोलेडोत बेकरीसमोर रांगा लागतात. जॅम भरलेल्या पाँच्की तळून तळून रेनाटाचे हात सुजतात. थॅड दर वर्षी त्या रांगेत उभा राहून डझनभर न्यायचा. त्या वर्षी रेनाटानं एक डझन बाजूला काढून ठेवल्या. त्या दुसऱ्या दिवशी तिला एकटीलाच खाव्या लागल्या.

मी त्या काळात तिच्या गाडीच्या डिकीत होतो. अंधार, ओल, पेट्रोलचा वास. मला कुणी विचारेना. दर शनिवारी दुपारी गाडी कुठंतरी जाऊन तासभर थांबायची आणि परत यायची. रेनाटा गाडीतून उतरायची नाही. मार्च संपत आला तेव्हा एका शनिवारी काचेवर टकटक झाली.

"दर शनिवारी माझ्या घरासमोर गाडी लावून बसतेस," थॅडचा आवाज. "समोरची मिसेस पुलास्की आता पोलिसांना बोलावणार आहे."

"बोलावू दे."

"आईनं चीज सँडविच भाजलीत. कोरिन आत बसलीय. आणि डिकीतलं ते धूड बाहेर काढ, ओलीनं मरेल."

"काढते."

"तूच काढायचंस. मी हात लावणार नाही."

थॅडचे ड्रम कोरिननं क्लबमधून आधीच आणून ठेवले होते. तळघरात वायर लागली. थॅडनं चार मोजले आणि गाणं सुरू झालं. मित्रांनो, असलं मेलेलं गाणं मी जन्मात वाजवलं नव्हतं. मिनिटभरानं कोरिननं हात वर केला.

"हे काय चाललंय?"

"सावकाश वाजवतोय," थॅड म्हणाला. "पळत नाही."

"आपण मयताला आलोय का? पळ की गधड्या!"

रेनाटा रडत होती आणि हसतही होती. थॅड खाली मान घालून काठ्यांकडे पाहत राहिला. मग त्यानं पुन्हा चार मोजले, आणि चारपर्यंत पोचायच्या आतच तो पळाला.

त्याच वर्षी मेमध्ये पोलिश क्लबच्या तळघरात, उसन्या टेपवर, चार दिवसांत आम्ही रेकॉर्ड केली. तिच्यात थॅडचं पळणं आहे, माझी फरफर आहे आणि एका गाण्याच्या मध्येच हालीनाचं खोकणं आहे. तिनं सारा देश जिंकला नाही. टीव्हीवर आम्ही कधीच दिसलो नाही. रेनाटा आणखी सतरा वर्षं पाँच्की तळत राहिली आणि थॅड मीठ टाकत राहिला. कॅलिफोर्निया आम्ही पुढं पाहिलं, पण आमच्याच व्हॅनमधून, दार दोरीनं बांधून. त्यानंतर आठ रेकॉर्ड झाल्या. सगळ्यांवर तीच तीन नावं आहेत. लॅसिटरनं आमच्याऐवजी त्या वर्षी कुणाला नेलं होतं ते आता कुणाला आठवतही नाही. हे मी चिडवायला सांगतो आहे, लपवत नाही.

आता गंमत ऐका. एका कंपनीनं गिटारसाठी एक छोटी पेटी बाजारात आणली आहे. पायानं दाबली की म्हणे माझ्यासारखी फरफर येते. माझ्या फाटकेपणाची नक्कल विकत घ्यायला पोरं रांगा लावतात! आणि गेल्या महिन्यात एक भला माणूस आला. आमचा जुना चाहता, हातात हत्यारांची पेटी. माझ्यासाठी त्यानं १९६८ सालचा, अस्सल, कोरा पडदा शोधून आणला होता. "एक पैसा नको," तो म्हणाला. "याला कारखान्यातून निघाला तसा करून देतो."

"कारखान्यातून निघाला तेव्हा हा बिंगो खेळत होता," रेनाटा म्हणाली. थॅडनं त्याला कॉफी पाजली आणि पेटीसकट दारापर्यंत पोचवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात म्हणतात. आमची धूळ पुसा, आम्हाला जपा. माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण माझं ठिगळ काढू नका. आणि एवढं मात्र ऐका. कधीतरी एक गोड बोलणारा माणूस येईल आणि तुमच्यातल्या एकाला वगळून बाकीच्यांना बोलावील. जागा फार मोठी असेल. जाऊ नका. मोह झाला, हो म्हणून बसलात, तर ज्याला वगळलं त्याच्यासमोर उभे राहा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा, काहीही न गाळता. तो निघून जाईल. महिनाभर बोलणार नाही. तुम्ही त्याच्या घरासमोर जाऊन बसा.